माळव्यातील एक राखी

सन २०१६ च्या वैशाखात उज्जैन येथे सिंहस्थाचा मेळा भरला होता. क्षिप्रेच्या घाटांवर पहाटेच्या अंधारात लाखो माणसे स्नानास उतरत होती. आपला पापभार हलका व्हावा, ही त्यांची आस. योगायोग असा की, नेमके तेच वर्ष आपल्या ख्रिस्तसभेत दयेचे विशेष वर्ष म्हणून पाळले जात होते. पोप फ्रान्सिस यांनी ८ डिसेंबर २०१५ रोजी त्याचा आरंभ केला, आणि २० नोव्हेंबर २०१६ रोजी त्याची सांगता झाली. उज्जैन हाही एक कॅथलिक धर्मप्रांत आहे, हे आपल्याकडील पुष्कळांस ठाऊक नसते. केरळातील सिरो-मलबार ख्रिस्तसभेच्या मिशनरींकडे १९६८ साली ते क्षेत्र सोपविण्यात आले व १९७७ साली त्यास धर्मप्रांताचा दर्जा मिळाला. तेव्हा त्या वर्षी एकाच नगरात नदीकाठी आणि देवळात, दोन्हीकडे देवाच्या दयेची याचना चालली होती.

देवाकडे दया मागण्यास माणसाला शिकवावे लागत नाही. संकटात ते आपोआप ओठांवर येते. अवघड भाग त्यापुढचा आहे. प्रभू येशूने सांगितलेला तो निर्दय चाकर वाचकांस आठवत असेल. धन्याने त्याचे दहा हजार तालंतांचे प्रचंड ऋण सोडले. आणि बाहेर पडताच त्याने शंभर दीनारांसाठी आपल्या सोबत्याचा गळा धरला. आमच्या माहितीच्या एका गावी दोन सख्खे भाऊ आहेत. वावभर बांधावरून त्यांच्यात बोलाचाल बंद पडली, तिला आता चौदा वर्षे होत आली. दोघेही दर रविवारी मिस्सेला येतात, दोघेही पवित्र कम्युनियन घेतात. फक्त बसण्याची बाके निराळी. कोणाचा बांध खरा, हे आम्ही ठरवू शकत नाही. पण त्यांच्याकडे पाहिले की आम्हांस त्याच माळव्यातील एक हकीकत आठवते, आणि ती आज सांगावी असे वाटते.

उज्जैनहून इंदूर सुमारे पंचावन्न किलोमीटर. इंदूरच्या पलीकडे, डोंगराळ भागात उदयनगर नावाचे गाव आहे. ते देवास जिल्ह्यात मोडते. देवास म्हणजे पूर्वीचे पवारांचे संस्थान, आता उज्जैन विभागातील जिल्हा. फ्रान्सिस्कन क्लॅरिस्ट संघाच्या सिस्टर राणी मारिया १९९२ साली तेथे आल्या. त्यांचा जन्म २९ जानेवारी १९५४ रोजी केरळातील पुल्लुवळी या गावी, एका शेतकरी कुटुंबात झाला होता. उदयनगरच्या परिसरात भूमिहीन व अल्पभूधारक आदिवासींची वस्ती. बियाण्यासाठी, आजारपणासाठी सावकाराकडे हात पसरावा, आणि मग जन्मभर व्याज फेडीत त्याच्याच शेतावर राबावे, अशी तेथील रीत. सावकार म्हणजे काय, हे आपल्या वाडवडिलांना सांगावे लागले नसते.

या सिस्टरांची दया अन्नदान-वस्त्रदानापाशी थांबली नाही. त्या पाड्यापाड्यांतून चालत जात, लोकांना एकत्र बसवीत, सरकारी योजना समजावून सांगत, बँकेचे कर्ज कसे मिळवावे ते शिकवीत. हे काम दिसावयास साधे, पण ज्याचे व्याज बुडते त्यास ते साधे वाटत नाही. काही प्रतिष्ठितांच्या मनात राग साचत गेला. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी सिस्टर उदयनगरहून इंदूरकडे जाणाऱ्या बसमध्ये बसल्या. वाटेत समुंदर सिंह नावाच्या तरुणाने त्यांच्यावर सुऱ्याने वार केले. अंगावर पन्नासांहून अधिक जखमा झाल्या. येशूचे नाव घेत त्यांनी प्राण सोडला. बस प्रवाशांनी भरलेली होती. मध्ये कोणी पडले नाही. त्या प्रवाशांना आम्ही दोष देणार नाही. आम्ही त्या बसमध्ये असतो तर काय केले असते, हे आमचे आम्हांस सांगता येत नाही.

समुंदर सिंहास जन्मठेप झाली. कायद्याचे काम तेथे संपले.

धाकटी बहीण सिस्टर सेल्मी पॉल याही त्याच संघातील. क्षमा केली, असे ओठांनी म्हणणे धर्मभगिनीस कर्तव्यच असते, असे कोणी म्हणेल. परंतु तुरुंगाच्या दारापर्यंत जावयास मध्ये सात वर्षे गेली. आम्हांस या सात वर्षांचा धीर वाटतो. स्वामी सदानंद या नावाने ओळखले जाणारे एक कॅथलिक धर्मगुरू त्या काळात समुंदरला तुरुंगात भेटत राहिले, त्याच्याशी बोलत राहिले. त्यांच्या या येण्याजाण्याने पुढची वाट तयार झाली. ऑगस्ट २००२ मध्ये राखीपौर्णिमेच्या सुमारास सिस्टर सेल्मी इंदूरच्या तुरुंगात गेल्या, आणि ज्या हाताने त्यांच्या बहिणीवर सुरा चालविला त्याच हातावर त्यांनी राखी बांधली. (आपल्याकडे कोळीवाड्यांत त्या पौर्णिमेला समुद्रास नारळ अर्पण करितात, माळव्यात तो दिवस भावा-बहिणीचा.) राखी बांधून घेणाराही त्या क्षणी बांधला जातो. बहिणीचे रक्षण करणे हे त्याचे काम ठरते. शिक्षा भोगणे एक वेळ सोपे. अशी राखी मनगटावर वागविणे अधिक कठीण असावे, असे आम्हांस वाटते.

पुढच्याच वर्षी, सन २००३ मध्ये, आई एलिस्वा तुरुंगात आल्या. त्यांनी त्या तरुणाचे हात आपल्या हातांत घेतले व त्यांचे चुंबन घेतले. त्या हातांना आपल्या लेकीचे रक्त लागले आहे, म्हणून. येथे आमची लेखणी थोडी थांबते. आमच्या वाचकांत ज्या माता असतील, त्यांना यावर आम्ही काय सांगावे?

यानंतर कुटुंबीयांनी व संघाने मिळून समुंदरच्या सुटकेसाठी शासनाकडे विनंती केली, आणि २००६ साली, अकरा वर्षे बंदिवास भोगून, तो बाहेर आला. सन २००७ मध्ये तो केरळातील त्या घरी गेला व वृद्ध आईवडिलांपुढे उभा राहिला. आज तो शेती करितो, आणि उदयनगर येथे सिस्टरांच्या समाधीस जाऊन येतो.

४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूर येथे सिस्टर राणी मारिया यांना धन्य घोषित करण्यात आले. त्यांचा सण २५ फेब्रुवारीस असतो. पुष्कळ वर्षी तो उपवासकाळात येतो, आणि त्या दिवसांत आपल्या देवळांत पापनिवेदनासाठी रांगा लागतात. वर सांगितलेले ते दोघे भाऊही त्या रांगेत असतात. एक पुढे, एक मागे, मध्ये चार माणसे ठेवून.