पाठशुद्धी आणि नोंदशुद्धी : वातावरणीय क्षेत्रनिरीक्षणांच्या चिकित्सेची पद्धती

साहित्याच्या तुलनात्मक अभ्यासात संहितेची विश्वसनीयता हा पहिला प्रश्न असतो. ज्या पाठावर विवेचन उभे राहावयाचे तो पाठ कोणत्या प्रतींवरून आला, लेखकूच्या हातून त्यात काय बदलले, संपादकाने काय दुरुस्त केले, याचा निर्णय झाल्याशिवाय पुढचे पाऊल टाकता येत नाही. निसर्गविज्ञानातील आकड्यांविषयी मात्र साहित्याभ्यासकांची समजूत बहुधा निराळी असते. उपकरणाने दाखविलेला आकडा म्हणजे वस्तुस्थितीचे निर्मळ प्रतिबिंब, असे गृहीत धरले जाते. प्रत्यक्षात वाऱ्याचा वेग, हवेची आर्द्रता किंवा समुद्राचे तापमान यांचा आकडा उपकरण, निरीक्षक, नोंदवही, सांकेतिक संदेश आणि संगणक अशा अनेक हातांतून संशोधकापर्यंत पोहोचतो. प्रत्येक टप्प्यावर त्यात दोष शिरण्याची शक्यता असते. हे दोष शोधण्याची व नोंदींची मांडणी करण्याची जी पद्धती वातावरणविज्ञानाने घडविली आहे, तिचे पाठचिकित्सेशी असलेले नाते व त्या नात्याची मर्यादा स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१. नोंदींच्या अवस्था

क्षेत्रनिरीक्षणात गोळा झालेली सामग्री एकाच अवस्थेत राहत नाही. १९७९ साली अरबी समुद्र, बंगालचा उपसागर व हिंदी महासागर या प्रदेशांत 'मोनेक्स' हा मान्सूनविषयक आंतरराष्ट्रीय निरीक्षणप्रयोग झाला. तो ज्या जागतिक कार्यक्रमाचा भाग होता, त्यात नोंदींचे स्तर ठरवून दिलेले होते. पहिल्या स्तरावर उपकरणाने दिलेले मूळ संकेत असत. दुसऱ्या स्तरावर त्या संकेतांवरून काढलेल्या तापमान, दाब, वारा इत्यादी राशी असत. तिसऱ्या स्तरावर या विखुरलेल्या राशींवरून संपूर्ण प्रदेशासाठी तयार केलेले विश्लेषित नकाशे असत. दुसऱ्या स्तराचे पुन्हा दोन उपप्रकार होते. दैनंदिन अंदाजासाठी वेळेत येऊन पोहोचलेल्या नोंदी एका बाजूला, आणि जहाजांवरून, बेटांवरून व दूरच्या केंद्रांवरून मागाहून मिळालेल्या, पडताळलेल्या नोंदी दुसऱ्या बाजूला ठेवल्या जात.

या विभागणीचे महत्त्व साहित्याभ्यासकास सहज उमगेल. तिसऱ्या स्तरावरचा नकाशा ही संपादित आवृत्ती आहे, हस्तलिखित नव्हे. ती वाचावयास सोपी असते, कारण तिच्यातील रिकाम्या जागा कोणीतरी भरलेल्या असतात. शेजारच्या ज्ञात मूल्यांवरून मधले अज्ञात मूल्य काढण्याच्या क्रियेला इंग्रजीत 'इंटरपोलेशन' म्हणतात, आणि ग्रंथात मागाहून घुसविलेल्या मजकुरालाही, म्हणजे प्रक्षेपालाही, त्या भाषेत हाच शब्द आहे. गणितातील ही क्रिया सर्वस्वी वैध आहे, परंतु भरलेले मूल्य भरलेले म्हणून दाखविले नाही, तर त्याचा प्रक्षेपच होतो.

२. तपासणी आणि खूण

दुसऱ्या स्तरावरील नोंदींना पुढील कसोट्या लावल्या जातात. पहिली कसोटी मर्यादेची : सापेक्ष आर्द्रता उणे असू शकत नाही. दुसरी अंतर्गत सुसंगतीची : दवबिंदूचे तापमान हवेच्या तापमानाहून जास्त येत असेल, तर दोहोंपैकी एक आकडा संशयास्पद. तिसरी कालसातत्याची : दहा मिनिटांत तापमान वीस अंशांनी उतरून पुन्हा तेवढेच चढत असेल, तर दोष बहुधा उपकरणाचा किंवा संदेशवहनाचा. चौथी शेजारच्या केंद्रांशी तुलनेची. फुग्याबरोबर वर गेलेल्या उपकरणाच्या नोंदींसाठी आणखी एक कसोटी आहे. दाब, तापमान व उंची यांचा परस्परसंबंध भौतिकीच्या नियमाने बांधलेला असल्याने त्यांतील विसंगती गणिताने पकडता येते.

कसोटीला न उतरलेल्या नोंदीचे काय करावयाचे, येथे खरा पद्धतीचा प्रश्न उपस्थित होतो. ती खोडावयाची नसते, तिच्यापुढे खूण करावयाची असते. 'विश्वसनीय', 'संशयास्पद', 'सदोष', 'अनुमानित', 'अनुपलब्ध' अशा अर्थाचे सांकेतिक अंक प्रत्येक आकड्याशेजारी नोंदविले जातात व मूळ आकडा जागेवर राहतो. अनुपलब्ध नोंदीसाठी उणे ९९९ यासारखा अशक्य आकडा योजण्याची प्रथा यासाठीच पडली. पाऊस पडला नाही तर शून्य लिहावयाचे, परंतु पर्जन्यमापक वाचलाच गेला नाही तर शून्य लिहावयाचे नाही. कोऱ्या जागेचे शून्य झाले, की त्या महिन्याची सरासरी कायमची बिघडते आणि बिघडल्याचे कोणास कळतही नाही.

मराठी वाचकास या ठिकाणी दोन संपादने आठवतील. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ साली, ज्ञानेश्वरीची संहिता शुद्ध केली. शुद्धीकरणाचा शक त्यांनी सांगितला, परंतु कोणत्या ठिकाणी कोणता पाठ होता व त्याच्या जागी कोणता घेतला, याची स्थलवार नोंद ठेवण्याची प्रथा त्या काळी नव्हती. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या महाभारत-आवृत्तीत वि. स. सुखठणकरांनी वेगळी रीत घातली. निश्चित केलेला पाठ वर, पाठभेद खाली, आणि ज्या शब्दांविषयी संपादकाची खात्री नाही त्यांच्याखाली नागमोडी रेघ. ही नागमोडी रेघ आणि हवामाननोंदीपुढचा 'संशयास्पद' हा अंक एकच काम करतात. दोन्ही ठिकाणी पुढच्या अभ्यासकास निर्णय फिरविण्याचा अधिकार राखून ठेवलेला असतो.

३. उपकरणाची पुष्पिका

मूळ नोंद राखून ठेवल्याने काय साधते, याचे बोलके उदाहरण 'टोगा-कोअर' या प्रयोगात सापडते. न्यू गिनीच्या ईशान्येस पश्चिम प्रशांत महासागराचा जो अतिशय उष्ण पृष्ठभाग आहे, त्यावरील समुद्र व वातावरण यांची देवघेव मोजण्यासाठी १ नोव्हेंबर १९९२ ते २८ फेब्रुवारी १९९३ या काळात तेथे सघन निरीक्षणे झाली. बेटांवरून व जहाजांवरून फुग्यांना बांधलेली रेडिओसाँड उपकरणे दिवसातून अनेक वेळा सोडण्यात आली. त्यांतील पुष्कळशी फिनलंडच्या व्हायसाला कंपनीने बनविलेली आरएस-८० जातीची होती.

पुढे नोंदींची छाननी होऊ लागली तेव्हा एक विसंगती दिसून आली. रेडिओसाँडने पृष्ठभागाजवळ दाखविलेली आर्द्रता त्याच ठिकाणच्या इतर उपकरणांपेक्षा कमी भरत होती. त्या नोंदी प्रमाण मानल्या, तर जेथे उंच मेघ उभे राहून जोराचा पाऊस पडत होता, तेथे मेघनिर्मितीस लागणारी अस्थिरता हवेत पुरेशी नव्हती असे मानावे लागले असते. मर्यादेची कसोटी येथे निरुपयोगी होती, कारण प्रत्येक आकडा स्वतंत्रपणे संभवनीय होता. दोष सर्व नोंदींत एकाच दिशेने झुकलेला होता.

कारण शोधता असे आढळले, की उपकरण ज्या वेष्टनात ठेवलेले असे, त्यातून सूक्ष्म प्रमाणात वायुरूप द्रव्ये बाहेर पडत. ती आर्द्रतामापकाच्या बहुवारिकाच्या थरात शिरून बसत. बाष्पासाठी तितकी जागा कमी उरे व हवा असेल त्याहून कोरडी भासे. उपकरण जितके अधिक काळ वेष्टनात पडून राहिलेले, तितका दोष मोठा. म्हणजे सर्व नोंदींना एकच दुरुस्ती लावून भागणार नव्हते. प्रत्येक उपकरणाचे वय कळणे आवश्यक होते, आणि ते उपकरण तर फुग्याबरोबर केव्हाच समुद्रात नाहीसे झालेले.

वय कळले ते अनुक्रमांकामुळे. प्रत्येक रेडिओसाँडच्या अनुक्रमांकात त्याच्या निर्मितीची तारीख गुंफलेली होती, आणि उड्डाणाच्या वेळी निरीक्षकांनी हे अनुक्रमांक नोंदवून ठेवलेले होते. त्यांच्या आधारे अमेरिकेतील नॅशनल सेंटर फॉर अॅटमॉस्फेरिक रिसर्च या संस्थेतील संशोधकांनी कंपनीच्या साहाय्याने दुरुस्तीची सूत्रे बसविली व २००२ साली ती प्रसिद्ध झाली. प्रयोगानंतर सुमारे एका दशकाने त्या आकाशाचे आर्द्रतामान पुन्हा लिहिले गेले. हस्तलिखिताच्या शेवटी लेखकू आपले नाव, स्थळ व शक सांगणारी पुष्पिका लिहितो. तिच्यावाचूनही मजकूर वाचता येतो, परंतु प्रतीचे स्थान ठरविणे कठीण होते. अनुक्रमांक ही त्या उपकरणाची पुष्पिका होती. नोंदीविषयीच्या अशा नोंदींना आज 'मेटाडेटा' हे नाव आहे. वातावरणविज्ञानात रूढ असलेल्या नेटसीडीएफ या संगणकीय मांडणीत राशीचे नाव, एकक व इतर वर्णन आकड्यांच्याच धारिकेत साठविण्याची सोय केलेली असते, त्यामागील हेतूही हाच : पुष्पिका ग्रंथापासून सुटू नये.

४. कठीण पाठाचा प्रश्न

लेखकूची प्रवृत्ती अपरिचित शब्दाच्या जागी परिचित शब्द घालण्याची असते. म्हणून दोन पाठांपैकी जो कठीण, तो मूळचा असण्याचा संभव अधिक, असे पाठचिकित्सेत मानले जाते. वातावरणाच्या नोंदी तपासणाऱ्यापुढे हाच पेच उभा राहतो. विलक्षण आकडा दोषाचा असू शकतो किंवा विलक्षण घटनेचाही असू शकतो.

अंटार्क्टिकावरील हॅली केंद्रात डॉबसन वर्णपटमापकाने ओझोनची मोजणी आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्षाच्या सुमारास, १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात सुरू झाली. ऑक्टोबर महिन्याची सरासरी प्रारंभी सुमारे ३०० एकके होती. १९८४ पर्यंत ती २०० च्या आसपास उतरली. जोसेफ फार्मन, ब्रायन गार्डिनर व जोनाथन शँकलिन यांनी दुसरे उपकरण आणून तुलना केल्यानंतर मे १९८५ मध्ये हा निष्कर्ष 'नेचर' नियतकालिकात प्रसिद्ध केला. त्याच काळात निंबस-७ या उपग्रहावरील उपकरणही ओझोन मोजत होते. त्याच्या तपासणीप्रणालीत १८० एककांखालील मूल्ये संशयास्पद ठरविण्याची योजना होती, कारण तोवर इतके कमी मूल्य कोणी पाहिलेले नव्हते. संगणकाने ही मूल्ये फेकून दिली अशी कथा पुढे पसरली, ती खरी नाही. मूल्यांवर केवळ खूण झालेली होती व ती शिल्लक होती. म्हणूनच ती पुन्हा तपासता आली, आणि ओझोनची घट एका केंद्रापुरती नसून जवळजवळ सबंध खंडावर पसरलेली आहे, हे दिसून आले. १९८७ साली माँट्रियल करार झाला. ती मूल्ये खरोखरच खोडलेली असती, तर या व्याप्तीचा पुरावा मागे जाऊन उभा करता आला नसता.

मुंबईचे उदाहरण अधिक परिचित आहे. २७ जुलै २००५ रोजी सकाळी साडेआठ वाजता संपलेल्या चोवीस तासांत सांताक्रूझ येथे ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. तेथून सुमारे पंचवीस किलोमीटरवरील कुलाब्यास त्याच अवधीत सुमारे ७३ मिलिमीटर पाऊस पडला. शेजारच्या केंद्राशी तुलना करणारी कसोटी यंत्रवत लावली, तर सांताक्रूझचा आकडा संशयास्पद ठरला असता. परंतु विहार तलावावरील नोंद त्याहूनही मोठी होती आणि उपनगरांतील महापुराची साक्ष तर उघडच होती. अतिवृष्टी खरी होती, फक्त तिचा विस्तार अरुंद होता. याच नोंदीत तारखेचाही एक धडा आहे. भारतातील पर्जन्यदिन सकाळी साडेआठला संपतो, म्हणून बहुतांशी २६ जुलैला पडलेले पाणी दप्तरात २७ तारखेस जमा होते. ही रीत ठाऊक नसलेला अभ्यासक वृत्तपत्रे व हवामानखात्याच्या नोंदी यांत विरोध पाहील, आणि तो विरोध वास्तविक नसेल.

५. नोंदींची कुळे

हस्तलिखितांची कुळे असतात, तशी निरीक्षणांचीही असतात. समुद्रपृष्ठाच्या तापमानाच्या जागतिक मालिकेत १९४५ साली सुमारे ०.३ अंशाची अचानक घसरण दिसते. २००८ साली डेव्हिड थॉम्पसन व सहकाऱ्यांनी तिचा उलगडा केला. महायुद्धाच्या काळात बहुतेक नोंदी अमेरिकी जहाजांच्या होत्या. तेथे इंजिन थंड करण्यासाठी आत घेतलेल्या पाण्याचे तापमान मोजत, आणि ते किंचित जास्त येई. युद्ध संपताच ब्रिटिश जहाजांचे प्रमाण वाढले. त्यांवर बादलीने पाणी वर काढून मोजत, आणि वर येईपर्यंत बाष्पीभवनाने ते किंचित निवे. समुद्र निवाला नव्हता, साक्षीदारांचे कूळ बदलले होते. कोणत्या देशाच्या जहाजाने नोंद केली हा तपशील जपलेला नसता, तर लेखनपरंपरेतील बदल हाच हवामानातील बदल म्हणून वाचला गेला असता.

६. साम्याची मर्यादा

या साम्याला मर्यादा आहेत. हस्तलिखिताच्या प्रती एका मूळ संहितेपासून उतरलेल्या असतात, किमान तसे गृहीत धरून चिकित्सा चालते. दोन हवामानकेंद्रांच्या नोंदी एकमेकींच्या प्रती नसतात. त्या एका व्यापक घटनेच्या स्वतंत्र साक्षी असतात, आणि त्यांच्यातील भेद हा पुष्कळदा दोष नसून माहिती असते. दुसरे असे, की पाठचिकित्सकाला आधार देणारे वृत्ताचे व व्याकरणाचे नियम कवी मोडू शकतो, वातावरणाला भौतिकीचे नियम मोडता येत नाहीत. या बाबतीत नोंदी तपासणाऱ्याची बाजू बळकट आहे. परंतु तिसऱ्या बाबतीत ती फार दुबळी आहे. हरवलेल्या ग्रंथाची एखादी प्रत कोठल्या तरी मठात किंवा संग्रहात कधीतरी सापडण्याची आशा असते. न घेतलेल्या निरीक्षणाची दुसरी प्रत कोठेही नसते. १९९२ च्या नोव्हेंबरमधील प्रशांत महासागरावरची हवा पुन्हा मोजता येणार नाही.

म्हणूनच नोंदशुद्धीचा अर्थ अशुद्ध ते काढून टाकणे असा करणे धोक्याचे आहे. हवामानातील बदल दशकांच्या व शतकांच्या मोजमापाने ठरतात, आणि त्या मोजमापाचा अंश-दोन अंशांचा निष्कर्ष उपकरणाचे वय, बादलीचा प्रकार, वाचनाची वेळ अशा क्षुल्लक वाटणाऱ्या तपशिलांवर उभा असतो. आजच्या कसोट्यांतील उणिवा उद्याच्या अभ्यासकाला दिसतील. त्या वेळी त्याच्या हाती केवळ शुद्ध केलेला आकडा आला, तर त्याला तो स्वीकारणे किंवा नाकारणे एवढेच शक्य राहील. मूळ आकडा, त्यावरील खूण, खुणेचे कारण आणि दुरुस्तीचे सूत्र ही चारही हाती आली, तर तो त्या नोंदीचे नव्याने संपादन करू शकेल.