हे पुस्तक सह्याद्रीत चालेल का?

मे महिन्याचा शेवटचा आठवडा, दुपारचे अडीच वाजलेले, आणि पाच जणांत मिळून अर्धी बाटली पाणी. घाटमाथ्यावरून कोकणात उतरणारी वाट आम्ही हरवून बसलो होतो. फोनला रेंज नव्हती, पण एकाच्या फोनमध्ये सर्व्हायव्हलच्या पुस्तकाची पीडीएफ होती. मग काय, हिरोगिरीला ऊत आला. हातातलं घड्याळ काढलं. तासकाटा सूर्याकडे धरायचा, काटा आणि बारा यांच्या मधोमध दक्षिण. दक्षिण सापडली की पश्चिम सापडली, म्हणजे कोकण सापडलं! तासभर चाललो आणि अशा कड्यावर येऊन थांबलो, जिथून खाली फक्त दगडच उतरू शकला असता.

गुरं घेऊन परतणारे एक मामा भेटले म्हणून निभावलं. त्यांनी आधी कॅन पुढे केला, मग आमचं पाणी पिऊन होईपर्यंत काहीच विचारलं नाही. वाट कशी शोधली ते सांगितल्यावर घड्याळाकडे बघत म्हणाले, "अरं, दुपार कलल्यावर सूर्य कुठं जातो त्ये घड्याळाला इचारायचं व्हय?"

घरी आल्यावर कागद-पेन्सिल घेऊन बसलो, तेव्हा कळलं की घड्याळाची ती युक्ती दुपारी सूर्य दक्षिणेला असतो असं गृहीत धरून बनलेली आहे. इंग्लंडमध्ये तो बाराही महिने तसा असतो. आपल्याकडे मात्र नाही. पुण्याचा अक्षांश साधारण साडेअठरा. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत भर दुपारचा सूर्य आपल्या डोक्यावरून किंचित उत्तरेकडून जातो. त्या दिवशी अडीच वाजता आमची दिशा सुमारे साठ अंशांनी चुकली होती. पश्चिम समजून आम्ही जवळजवळ उत्तरेला निघालो होतो. आणि खरा विनोद हा, की त्या वेळी सूर्य स्वतः जवळपास पश्चिमेलाच होता. पुस्तक बंद करून नुसते सूर्याकडे चालत राहिलो असतो तरी दिशा चुकली नसती.

म्हणून आता पावसाळी ट्रेकच्या तोंडावर तुम्ही सर्व्हायव्हलचं पुस्तक घ्यायला निघाला असाल, तर कव्हरवरचा दाढीवाला कमांडो जरा बाजूला ठेवा. हे पुस्तक कुठल्या जंगलासाठी आणि कुणासाठी लिहिलंय, हे आधी बघा.

सगळ्यात जास्त हातात दिसतं ते जॉन 'लॉफ्टी' वाइजमन यांचं 'एसएएस सर्व्हायव्हल हँडबुक'. वाइजमन ब्रिटिश सैन्याच्या एसएएस तुकडीत 26 वर्षं होते आणि पुस्तक पहिल्यांदा आलं 1986 मध्ये. ध्रुवप्रदेशापासून वाळवंटापर्यंत आणि समुद्रापर्यंत सगळं त्यात आहे. हीच त्याची ताकद आणि हीच अडचण. गाठी, निवारा, पाणी, इशारे देण्याच्या पद्धती ही प्रकरणं कुठेही उपयोगी पडतात. झाडं, प्राणी, साप यांची पानं मात्र सगळ्या जगासाठी आहेत, म्हणजे तुमच्या डोंगरासाठी जेमतेम. जुन्या पुस्तकांच्या दुकानात मिळालं तर जरूर घ्या, पण आवृत्तीचं साल बघून.

दुसरी फुकटातली गोष्ट म्हणजे अमेरिकन लष्कराचं मॅन्युअल, एफएम 21-76. कॉपीराइट नसल्यामुळे त्याच्या पीडीएफ सगळीकडे फिरतात आणि त्यावर नवं कव्हर चढवून विकणारेही खूप आहेत. विकत घेण्याआधी हे लक्षात असू द्या. भाषा साधी, आकृत्या चांगल्या. पण ते शत्रूच्या मुलखात अडकलेल्या सैनिकासाठी लिहिलंय. अनोळखी वनस्पती खाण्याजोगी आहे का, हे तपासायची एक मोठी पद्धत त्यात आहे. आधी आठ तास उपाशी राहा, मग त्वचेवर लावून बघा, ओठाला लावा, जिभेवर ठेवा, चावा, थोडं गिळा, पुन्हा आठ तास थांबा, आणखी थोडं खा, पुन्हा आठ तास. आता विचार करा, तुम्ही शनिवारी रात्री किल्ल्यावर अडकलाय आणि रविवारी तुम्हाला शोधायला कुणीतरी येणार आहे. एवढ्या वेळात माणूस भुकेने मरत नाही. पावसाळ्यात सह्याद्रीत फुलणारी कळलावी दिसायला इतकी देखणी असते की फोटो काढल्याशिवाय राहवत नाही, पण तिचा कंद जीवघेणा विषारी असतो. अळंबीचं तर नावच नको. खाण्याचं प्रकरण वाचा, मजा येते, पण ट्रेकवर निघताना ते डोक्यातून काढून टाका. आपल्याकडे जिवावर बेततं ते बहुतेकदा दुसऱ्याच गोष्टींनी: पाय घसरणं, ओढ्याला अचानक पाणी येणं, उन्हाळ्यात उष्माघात, भिजल्या अंगावर वारा, आणि साप.

सापावर जरा थांबूया, कारण पुस्तक तपासायला यापेक्षा चांगलं पान नाही. दुकानात उभ्या उभ्या सर्पदंशाचं पान उघडा. चावल्या जागी काप घ्या, रक्त चोखा किंवा वर दोरी आवळून बांधा असं लिहिलं असेल तर पुस्तक परत ठेवा. जुन्या मॅन्युअल्समध्ये हे सर्रास सापडतं आणि आजचं वैद्यकशास्त्र यातलं काहीही करू नका असं सांगतं. पुस्तक नवं असलं तरी देश बघा. ऑस्ट्रेलियातली पुस्तकं अख्ख्या हाता-पायावर दाब देऊन पट्टी गुंडाळायला सांगतात. तिथले महत्त्वाचे विषारी साप नागाच्या कुळातले आहेत, त्यामुळे तिथे ते बरोबर. आपल्याकडे नाग आणि मण्यार यांच्याबरोबर घोणस आणि फुरसंही आहे, आणि या दोघांचा दंश झालेली जागा सुजते, तिथलं मांस सडू शकतं. आपलं प्रतिविषाचं इंजेक्शन याच चार सापांवर बनवलेलं असतं. त्यामुळे आपल्यासाठी चांगल्या पानावर एवढंच हवं: माणसाला शांत ठेवा, अंगठी-घड्याळ काढा, चावलेला अवयव हलू देऊ नका, आणि प्रतिविष मिळेल अशा हॉस्पिटलला लवकरात लवकर न्या. भारतात 2000 ते 2019 या वीस वर्षांत सर्पदंशाने सुमारे 12 लाख माणसं गेली असा एका अभ्यासाचा अंदाज आहे. साप ओळखायला शिकायचं असेल तर सर्व्हायव्हलचं पुस्तक नकोच. रोम्युलस व्हिटेकर आणि अशोक कॅप्टन यांचं 'स्नेक्स ऑफ इंडिया' लायब्ररीतून आणा.

शेकोटीच्या प्रकरणाचंही तेच. ते सगळ्यांचं लाडकं. चकमक, लाकडावर लाकूड घासणं, मस्त फोटो! पण किल्ल्याच्या कड्याला आग्यामोहोळ लटकलेलं असताना खाली धूर केलात तर काय होतं, हे कुठल्याही गडाखालच्या गावात विचारा. परदेशी पुस्तकात यावर फार तर चार ओळी असतील.

मग विकत घ्यायचं काय? एकच घ्यायचं असेल तर मी 'माउंटेनिअरिंग: द फ्रीडम ऑफ द हिल्स' म्हणेन. सिएटलच्या 'द माउंटेनिअर्स' या क्लबने ते पहिल्यांदा 1960 मध्ये काढलं. बर्फाची प्रकरणं तूर्त सोडून द्या. नकाशा वाचणं, दोर, कपडे आणि 'टेन इसेन्शियल्स', म्हणजे सोबत असायलाच हव्यात अशा दहा गोष्टी, हे सगळं त्यात आहे. जाडजूड आहे, महाग आहे, त्यामुळे ग्रुपने वर्गणी काढा. दुसरं, लॉरेन्स गोन्झालेस यांचं 'डीप सर्व्हायव्हल'. त्यात गाठी नाहीत की आकृत्या नाहीत. वाट चुकल्यावर शहाणी माणसंसुद्धा मागे न फिरता हट्टाने पुढेच का जातात, हे त्यात आहे. तो घड्याळाचा दिवस मला या पुस्तकाने समजावला. आम्हाला अर्ध्या तासातच शंका आली होती, पण म्हणायचं कुणी?

आणि यांच्या जोडीला इथलं एक पुस्तक हवंच. हरीश कपाडियांचं 'ट्रेक द सह्याद्रीज' किंवा यंग झिंगारो ट्रेकर्सचं 'सांगाती सह्याद्रीचा'. त्यांना कुणी सर्व्हायव्हलची पुस्तकं म्हणणार नाही. पण माणूस आधी वाट चुकतो आणि मग पाणी संपतं. वाट कुठून फुटते हे ज्या पुस्तकात आहे, ते माझ्या मते चकमकीच्या दहा प्रकरणांपेक्षा मोलाचं. बांधकामं, रस्ते, दरडी यांनी वाटा बदलतात, तेव्हा पायथ्याच्या गावात विचारून खात्री करायचीच.

'इन्टू द वाइल्ड' सिनेमा तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिला असेल. त्यातला ख्रिस मॅककँडलेस खरा होता. 1992 मध्ये, वयाच्या चोविसाव्या वर्षी, तो अलास्कात एका सोडून दिलेल्या बसमध्ये उपासमारीने गेला. लोक विसरतात ते हे, की त्याच्याजवळ पुस्तक होतं, आणि तेही त्याच भागातल्या वनस्पतींचं. नेमकं काय खाऊन तो खंगला यावर वाद झाले. नदी फुगल्याने त्याची परतीची वाट बंद झाली होती, आणि साधारण चारशे मीटरवर नदी ओलांडायचा हाताने ओढायचा पाळणा होता. त्याच्याजवळ त्या भागाचा तपशीलवार नकाशा नव्हता.

आता वाचायचं कसं? परीक्षेच्या आदल्या रात्रीसारखं तर नक्कीच नाही. फोनमधलं पुस्तक पावसात आणि पाच टक्के बॅटरीवर उघडत नाही. हॉस्टेलच्या गच्चीवर एका संध्याकाळी दोन गाठी डोळे मिटून बांधून बघा. रात्री तिथेच ध्रुवतारा शोधा. पुण्या-मुंबईतून तो क्षितिजावर जेमतेम अठरा-एकोणीस अंशांवर असतो, हात लांब करून एकावर एक धरलेल्या दोन मुठींइतका. समोर डोंगर असेल तर दिसणारच नाही, आणि पावसाळ्यात ढगांमुळे तसाही नाही. म्हणजे होकायंत्र घ्या. प्रथमोपचाराची दोन-तीन पानं झेरॉक्स करून प्लॅस्टिकच्या पिशवीत, शिट्टीसोबत ठेवा. त्याच कागदाच्या मागे 112 आणि 108 लिहा, पायथ्याच्या गावातल्या एकाचा नंबर लिहा, आणि किती वाजेपर्यंत परत येणार ते लिहून तशीच एक प्रत घरी ठेवा.

आमच्या ग्रुपमध्ये ती पीडीएफ अजून आहे. घड्याळाच्या पानावर एकाने लाल रंगात लिहिलंय: 'मे ते जुलै बंद. मामांना विचारा.'