खडकावर चढणारी खेळगाडी व तिचे सस्पेन्शन

विद्यार्थ्यांच्या हाती हल्ली जी नानाविध यांत्रिक खेळणी दिसतात, त्यांपैकी एकाचा परिचय वाचकांस करून देण्याचे आम्ही योजिले आहे. हे खेळणे म्हणजे बिनतारी संदेशाने चालणारी व दगडधोंड्यांवर चढणारी लहानशी मोटारगाडी होय. हिला 'रॉक क्रॉलर', म्हणजे खडकावरून सरपटत जाणारी, असे नाव आहे. ही गाडी शर्यतीत धावत नाही. माणसाच्या चालीहूनही मंद गतीने ती खडकांतून वाट काढते, आणि न उलथता पलीकडे पोचणे यातच तिचे यश असते.

खेळण्याचा एवढा विचार कशासाठी, अशी शंका पालकांस येणे साहजिक आहे. तिचे उत्तर असे की, गाडी वारंवार उलथू लागली म्हणजे मुलगा अधिक जोरदार मोटर मागू लागतो आणि पालकांच्या खिशास चाट बसते. वस्तुतः दोष बहुधा मोटरीत नसून सस्पेन्शनच्या जुळणीत असतो; आणि ती जुळणी सुधारण्यास द्रव्यापेक्षा विचार अधिक लागतो. एवढेच दाखविण्याचा या लेखाचा हेतू आहे.

प्रथम या खेळाच्या मूळस्थानाविषयी दोन शब्द. अमेरिकेतील कॅलिफोर्निया प्रांतात सिएरा नेवाडा पर्वतामधून 'रुबिकॉन' नावाची एक अत्यंत खडकाळ वाट जाते. तेथे १९५३ साली जीपगाड्यांचा पहिला मोठा मेळावा भरला, व खडकांवरून जीप चालविण्याचा छंद पुढे त्या देशात चांगलाच रुजला. त्या जीपगाड्यांच्या एकदशांश आकाराच्या प्रतिकृती म्हणजे आपल्या या खेळगाड्या. ॲक्सियल कंपनीची एससीएक्स-१० ही गाडी व ट्रॅक्सस कंपनीची २०१७ साली निघालेली टीआरएक्स-४ ही गाडी, ही त्यांची प्रसिद्ध उदाहरणे होत. अशा गाडीच्या पुढच्या व मागच्या चाकांतील अंतर सुमारे ३१ सेंटिमीटर असते आणि वजन तीन किलोग्रॅमच्या आसपास भरते.

आता सस्पेन्शन म्हणजे काय ते पाहू. गाडीचा सांगाडा चाकांच्या आसांवर घट्ट बसविलेला नसतो. आस हे चार दांड्यांनी सांगाड्याशी जोडलेले असतात, आणि प्रत्येक चाकापाशी एक शॉक-ॲब्सॉर्बर उभा असतो. त्यात बाहेरून स्प्रिंग व आत तेलात फिरणारा सच्छिद्र दट्ट्या असतो. स्प्रिंग भार तोलते, आणि तेल तिची उसळी आवरते. शहरातील मोटारीत ही योजना बसणाऱ्यास धक्के लागू नयेत म्हणून असते. खडकावरील गाडीत मात्र तिचे काम निराळे आहे: जमीन कितीही वेडीवाकडी असो, चारही चाके तिला टेकलेली राहिली पाहिजेत आणि प्रत्येकावर काही ना काही भार पडला पाहिजे. जे चाक अधांतरी राहिले ते गाडीस ओढू शकत नाही. हे एक तत्त्व ध्यानी ठेवले म्हणजे पुढील सर्व नियम आपोआप उलगडतात.

पहिला विचार गुरुत्वमध्याचा. दोन्ही बाजूंच्या चाकांतील अंतर २० सेंटिमीटर व गुरुत्वमध्याची उंची १० सेंटिमीटर धरली, तर स्थूलमानाने ४५ अंशांच्या आडव्या उतारावर गाडी कलंडेल. तीच उंची ८ सेंटिमीटर केली, तर ती ५१ अंशांपर्यंत टिकेल. वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनी त्रिकोणमितीच्या कोष्टकावरून हे ताडून पाहावे. चढणीवरही हाच न्याय लागू पडतो. गुरुत्वमध्य बरोबर मध्यावर व १० सेंटिमीटर उंच असेल, तर गाडी ५७ अंशांच्या चढावर मागे उलथेल. परंतु शेकडा ६० भार पुढच्या चाकांवर ठेवला, तर ही मर्यादा सुमारे ६२ अंशांवर जाते. म्हणून विजेची बॅटरी शक्य तितकी खाली व पुढे बांधावी. शोभेखातर टपावर खेळण्यातल्या ट्रंका, डबे व जादा चाक लादण्याचा मोह मात्र आवरावा. भार मोजण्यास स्वयंपाकघरातील वजनकाटा पुरतो. काट्यावर पुढची चाके व तितक्याच उंचीच्या फळीवर मागची चाके ठेवली की पुढचा भार कळतो.

येथे एक चमत्कारिक गोष्ट सांगण्याजोगी आहे. वेगाने पळणाऱ्या मोटारीची चाके हलकी असावीत असा नियम आहे. कारण जड चाक उसळले म्हणजे स्प्रिंगेस लवकर आवरत नाही. खडकावरील गाडीची चाल मंद असल्यामुळे हा दोष तिला बाधत नाही. उलट चाकांत व आसांच्या टोकांशी पितळेची वजने बसविली, तर गुरुत्वमध्य खाली येतो आणि गाडी अधिक स्थिर होते. सारांश, एका यंत्रात जो दोष तोच दुसऱ्यात गुण ठरतो.

दुसरा विचार स्प्रिंगेचा. गाडी सपाट जागी उभी केली असता शॉक-ॲब्सॉर्बर पूर्ण ताणलेले असू नयेत. दट्ट्याच्या एकंदर चालीपैकी सुमारे तिसरा हिस्सा ते निम्मी चाल गाडीच्या भारानेच दबलेली असावी. असे असेल तरच वाटेत खळगा आला असता चाक खाली उतरून तळाला टेकते. स्प्रिंग फार ताठ असेल, तर चाक अधांतरी लोंबते. मग मऊ स्प्रिंग घातली की झाले, असे कोणी म्हणेल. परंतु तसेही नाही. फार मऊ स्प्रिंगेची गाडी आडव्या उतारावर खालच्या अंगास झुकते व गुरुत्वमध्य तिकडेच सरकतो. चढणीवर भार मागे गेला की पुढची बाजू वर उचलली जाते, मागची दबते, आणि गाडी उलथते. म्हणून पुढे मऊ व मागे किंचित ताठ स्प्रिंग घालण्याचा प्रघात आहे.

तिसरा विचार तेलाचा. शॉक-ॲब्सॉर्बरमध्ये सिलिकोन तेल घालतात, कारण ऊनथंडीने त्याचा दाटपणा फारसा पालटत नाही. मोटारीच्या इंजिनाचे तेल त्यात घालू नये. त्याने काही प्रकारच्या रबरी कड्या फुगतात. तेलाच्या बाटलीवर अंक असतो. अंक मोठा तितके तेल दाट. या गाड्यांस ३० च्या आसपासच्या अंकाचे तेल आरंभी योग्य होय. तेल फार पातळ असेल तर गाडी झुलत राहते व कड्यावर तोल जातो. फार दाट असेल तर चाक खळग्यात उशिरा उतरते. तेल भरताना दट्ट्या हळूहळू वरखाली करून हवेचे बुडबुडे निघून जाऊ द्यावेत.

चौथा विचार पिळाचा. मोटरीचा जोर फिरत्या दांड्यावाटे आसांस पोचतो, आणि प्रत्येक क्रियेस प्रतिक्रिया असल्यामुळे सांगाडा उलट दिशेस पिळला जातो. म्हणूनच जोर देताच पुढचे एकच चाक, आणि तेही नेहमी त्याच बाजूचे, उचलले जाते. यावर उपाय म्हणून मागच्या दोहोंपैकी एका बाजूस किंचित ताठ स्प्रिंग घालतात. टीआरएक्स-४ सारख्या गाडीत चाकापाशीच दातेरी चक्रांची एक जोडी असून जोर तेथे वाढतो; त्यामुळे दांड्यावर कमी जोर पडतो व पीळही कमी होतो.

आता प्रत्यक्ष जुळणीचा क्रम सांगतो. प्रथम बॅटरी काढून व शॉक-ॲब्सॉर्बर सोडवून आस हाताने वरखाली हलवून पाहावा. कोठे अडकत असेल, तर सांधे मोकळे करावेत. कारण अडकणाऱ्या सांध्यावर कोणत्याही स्प्रिंगेचा इलाज चालत नाही. नंतर भार, मग स्प्रिंग आणि शेवटी तेल, असा क्रम ठेवावा. परीक्षेसाठी २० अंशांची उतरती फळी मांडून पुढचे एकच चाक तिजवर चढवावे आणि कोणतेही चाक जमिनीवरून अथवा फळीवरून सुटेपर्यंत गाडी पुढे न्यावी. फळीवर कापलेले अंतर पुढच्या व मागच्या चाकांतील अंतराने भागून १००० ने गुणिले म्हणजे सस्पेन्शनचा गुणांक मिळतो. प्रत्येक वेळी एकच बदल करावा व फळ वहीत लिहून ठेवावे. एकदम तीन बदल केले आणि गाडी सुधारली, तर ती कशाने सुधारली हे कळत नाही. आणि बिघडली, तर मागे कोठे जावे हेही कळत नाही.

अमेरिकेइतकेच आपल्या देशासही या विषयाशी नाते आहे, हे शेवटी सांगितले पाहिजे. २३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ चंद्रावर उतरले आणि त्यातून सहा चाकांची 'प्रज्ञान' ही २६ किलोग्रॅमची गाडी बाहेर पडली. तिच्यात स्प्रिंगा नाहीत. एकमेकींवर झुलणाऱ्या दांड्यांच्या योगाने तिची सर्व चाके जमिनीस टेकलेली राहतात. साधन निराळे, पण प्रश्न तोच: उंचसखल भूमीवर प्रत्येक चाकाला आधार कसा द्यावा? अंगणातील दगडांच्या राशीवर जो मुलगा हा प्रश्न वही, वजनकाटा व फळी घेऊन सोडवितो, त्याचा खेळ वाया गेला असे आम्हांस वाटत नाही. नवी मोटर मागण्यापूर्वी त्याने आपल्या गाडीचा भार एकदा मोजून पाहावा, इतकीच आमची सूचना आहे.