उपचार फसल्यावर न्यायाचा मार्ग

तळा येथून जबर जखमी मनुष्य मुंबईस न्यावा आणि तो हातीं लागूं नये, हा प्रसंग कोणत्याहि घरावर येऊं शकतो. रोगी दगावला म्हणजे दोष डॉक्टराचाच, असें कायदा मानीत नाहीं. योग्य काळजी घेतली होती काय, एवढेंच तो पाहतो.

१९५३ सालीं रत्नागिरी जिल्ह्यांतील पालशेतच्या किनाऱ्यावर एका तरुणाच्या मांडीचें हाड मोडलें. पुण्यास उपचार चालू असतां तो वारला. पित्यानें दावा लावला. पूर्ण भूल न देतां फाजील जोरानें हाड बसविल्याचें सिद्ध झालें, व ३,००० रुपयांची भरपाई सर्वोच्च न्यायालयानें १९६८ मध्यें कायम केली.

दिवाणी दाव्याचा तो मार्ग आजहि खुला आहे. शिवाय मोबदला घेऊन केलेले उपचार ग्राहक कायद्याखालीं येतात, असें १९९५ मध्यें ठरलें. २०१९ च्या कायद्यान्वयें तक्रार राहत्या जिल्ह्यांत, म्हणजे तळेकरांस अलिबागच्या आयोगाकडे, करतां येते. मुदत दोन वर्षें. फौजदारी शिक्षेस मात्र घोर निष्काळजीपणाच सिद्ध व्हावा लागतो.

पुराव्याचा भार तक्रारदारावर असतो. म्हणून शोकाच्या भरांतहि उपचारांचे कागद लेखी मागावे. मागणीनंतर ७२ तासांत ते देणें डॉक्टरावर बंधनकारक आहे.