वायरबुशची भट्टी

जर्मनीच्या पश्चिमेस, ऱ्हाईन आणि झीग या नद्यांच्या मध्यें, वेस्टरवाल्ड नांवाचा डोंगराळ टापू आहे. तेथील वायरबुश हें खेडें नकाशांत सहजीं सांपडत नाहीं; तथापि आमच्या गांवोगांवच्या पतपेढ्यांचें मूळ शोधूं लागल्यास तेथेंच जावें लागतें.

सन १८४५ मध्यें फ्रीड्रिख विल्हेल्म रायफायझेन हे वयाच्या सत्ताविसाव्या वर्षीं वायरबुश व भोंवतालच्या खेड्यांचे नगरप्रमुख झाले. पुढच्याच वर्षीं पीक बुडालें आणि हिवाळ्यांत लोकांवर उपासमारीची पाळी आली. सरकारनें धान्य धाडलें, परंतु तें रोख पैसे घेऊनच द्यावें असा हुकूम होता. ज्याच्यापाशीं पैसा नाहीं त्यानेंच तर उपाशी मरावयाचें! रायफायझेन यांनीं तें धान्य उधार वांटलें. सुखवस्तु गांवकऱ्यांकडून पैसा उभा केला, गांवांत भट्टी बांधविली, आणि गरिबांस स्वस्त पाव मिळूं लागला.

पोटाची सोय झाली, परंतु सावकाराचा पाश तुटला नाहीं. म्हणून १८४९ मध्यें शेजारच्या फ्लामर्सफेल्ड येथें सधन गृहस्थांस जामीन ठेवून त्यांनीं शेतकऱ्यांस हप्त्यांनीं जनावरें मिळवून दिलीं. पुढें अनुभवानें त्यांस कळून आलें कीं, दात्यांचा उत्साह फार काळ टिकत नाहीं. तेव्हां १८६४ मध्यें हेडेसडोर्फ येथें ऋणको हेच सभासद व एकमेकांचे जामीन, अशी पेढी त्यांनीं काढली. क्षेत्र मुद्दाम लहान ठेविलें. कारण कोण कष्टाळू आणि कोण उधळ्या, हें शेजाऱ्याइतकें दुसऱ्या कोणास ठाऊक असणार?

आमच्याकडे १८७५ मध्यें पुणें व अहमदनगर जिल्ह्यांतील रयतेनें सावकारांचीं कर्जखतें जाळलीं. रोग तोच होता. कागद जाळून तो बरा होणारा नव्हता. पुढें मद्रास इलाख्यांतील अधिकारी फ्रेडरिक निकोलसन यांनीं आपल्या अहवालांत रायफायझेन यांचा मार्ग दाखविला आणि १९०४ मध्यें सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला.

सन २०१६ मध्यें युनेस्कोनें सहकाराच्या कल्पनेस मानवजातीच्या अमूर्त वारशांत स्थान दिलें. हा गौरव योग्यच होय. परंतु कायद्यानें संस्था निघते, विश्वास निघत नाहीं. शेजाऱ्यासाठीं जामीन राहण्याची छाती आणि हिशेब चोख ठेवण्याची सचोटी हेंच त्या भट्टींतील खरें पीठ. गांव सोडून शहरांत स्थिरावलेल्या आम्हां सुशिक्षितांकडे लिहिणें व हिशेब या दोन्ही विद्या आहेत. त्यांतील कांहीं भाग आपल्या मूळ गांवास देण्यास आमची कोणती हरकत आहे?