बावीस के

गणपतीच्या आधी जालन्यातल्या दुरुस्तीवाल्यांकडे मंडपांच्या अ‍ॅम्प्लिफायरची रांग लागते. अशाच एका मशीनचे आउटपुट ट्रान्झिस्टर जळाले होते. कारागिराने बाजारात मिळाले ते बसवले. मीटरवर त्यांचा गेन, म्हणजे सिग्नल वाढवायची ताकद, जुन्यांच्या जेमतेम निम्मा. तरीही भजनाचा आवाज पहिल्यासारखाच निघाला. हे कसं, ते बघायला मी कारागिरांच्या टेबलाशी जाऊन बसलो.

झाकण उघडलं, धूळ झटकली, जळकं काढलं. रोझिनच्या धुरात त्यांचं बोट थांबलं ते एका बारीक रेझिस्टरवर. लाल, लाल, नारिंगी पट्टे, म्हणजे बावीस किलोओहम.

"हा बावीस के धड आहे तोवर काळजी नाही, भाऊ."

त्याचं एक टोक स्पीकरच्या लाइनवर, दुसरं इनपुटपाशी. सोबत एक केचा दुसरा रेझिस्टर. या जोडीमुळे आउटपुटचा तेविसावा हिस्सा मागे जातो आणि आलेल्या सिग्नलमधून वजा होतो; हाच फीडबॅक. कानावर हात ठेवून गाणारा शाहीर जसा स्वतःचाच सूर ऐकून तो सावरतो, तसं. मशीनची मूळ ताकद हजारपट असेल, तर हाती साडेबावीस पट उरते. ट्रान्झिस्टर बदलून ती पाचशेवर आली, तरी बावीस पट मिळतेच. आवाजातली विकृतीही त्याच प्रमाणात दबते. ताकद उधळून खरेपणा मिळवायची ही युक्ती हॅरॉल्ड ब्लॅक या अमेरिकी इंजिनिअरला 1927 मध्ये फेरीबोटीत सुचली, ती त्याने हातातल्या वर्तमानपत्रावरच मांडली. पेटंट मिळायला 1937 उजाडलं.

बावीस केचा पाय सुटला, तर आउटपुटवर सप्लायचा सगळा व्होल्टेज चढून स्पीकरची कॉइल जळू शकते. म्हणून कारागीर मशीन आधी सिरीज बल्बवर, स्पीकर न जोडता चालवतात आणि आउटपुटवरचा डीसी मोजतात. काटा शून्याजवळ बसेपर्यंत गिऱ्हाइकाच्या घाईला ते दाद देत नाहीत. ही शिस्त मला फार मोलाची वाटली.

मंडळाच्या पोराने विचारलं, "आवाज अजून वाढेल का, मामा?"

"सप्लाय पस्तीस व्होल्टचा. चाळीस कुठून आणू?"

त्यांचं खरंच आहे. सप्लाय संपला की फीडबॅक चूक सुधारायला आणखी जोर लावतो, पण लाटेचा माथा सपाटच कापला जातो. आवाज कर्कश होतो, ट्वीटर जळतात. बावीस के मशीनचे दोष झाकेल, नॉब शेवटपर्यंत पिळणाऱ्याची हाव झाकणार नाही. मंडळांनी वर्गणीतून मोठं मशीन घ्यावं, नाहीतर आहे त्याच्या मर्यादेत वाजवावं.