महाड–पोलादपूर परिसरातील ग्रामनामे आणि भाषेचे थर

स्थलनामे ही भाषेच्या इतिहासाची साधने होत. मात्र त्यांवरून कोणता निष्कर्ष काढणे न्याय्य ठरेल, याचा विवेक आवश्यक आहे. उत्तर इंग्लंडमधील पेंडल या डोंगराचे नाव या दृष्टीने उद्बोधक आहे. केल्टिक कुलातील ‘पेन’ म्हणजे माथा किंवा डोंगर. मागाहून आलेल्या इंग्रजी भाषकांस तो अर्थ न उमगल्याने त्यांनी त्यास ‘हिल’ हा आपला शब्द जोडला. तोही झिजून गेल्यावर ‘हिल’ पुन्हा जोडण्यात आला. संस्कृतातील ‘मलयपर्वत’ हे नाव याच जातीचे, कारण तमिळ ‘मलै’ म्हणजेच डोंगर.

महाड तालुक्यातील ‘किंजळोली’ या ग्रामनामात मात्र अशी द्विरुक्ती नाही. ‘किंजळ’ हा कोकणातील परिचित वृक्ष. उत्तरपद ‘-ओली’ याचे नाते डोंबिवली, बोरिवली यांतील ‘-वली’शी दिसते. प्राकृतात दोन स्वरांमधील ‘प’चा ‘व’ होतो (दीपक–दिवा) व ‘अव’चा ‘ओ’ होतो (लवण–लोण). यास्तव पल्ली–वली–ओली हा क्रम ध्वनिनियमांस धरून आहे. काही नावांत ‘आवली’ म्हणजे रांग हे मूळही संभवते. ‘पल्ली’चा संबंध द्राविडी ‘पळ्ळि’शी जोडला जातो. फ्रँकलिन साउथवर्थ यांनी २००५ च्या आपल्या ग्रंथात अशा पदान्तांच्या आधारे महाराष्ट्रातील प्राचीन द्राविडी वस्तीचा मागोवा घेतला आहे.

तथापि शब्दाचे कुल आणि नाव ठेवणाऱ्यांची भाषा या दोन भिन्न गोष्टी होत. १९२७ च्या सत्याग्रहाने सर्वत्र परिचित झालेल्या महाडच्या चवदार तळ्याच्या नावातील ‘-दार’ हा प्रत्यय फारसी आहे. ‘पोलाद’ हा शब्दही फारसीच. म्हणून महाड–पोलादपुरात फारसी भाषक राहत होते, असे कोणी म्हणणार नाही. हे शब्द मराठीने आधीच आत्मसात केले होते. ‘पल्ली’ही संस्कृत–प्राकृतात रुळलेला शब्द असल्याने किंजळोली वसविणारे द्राविडी भाषक होते, हे केवळ पदान्तावरून सिद्ध होत नाही.

तात्पर्य, एकेका नावाची व्युत्पत्ती पुरेशी नव्हे. शिलालेख, ताम्रपट व जुनी दप्तरे यांतील रूपे आणि पदान्तांचे नकाशावरील वितरण ही एकमेकांस पुष्टी देतील, तेव्हाच नावावरून वस्तीचा इतिहास सांगणे युक्त ठरेल.